नामाचा ठोका

हळद शिजायला लागली की मला संशय यायला लागतात. तसा माझा स्वभावच संशयी. भाजीवालीने आपणहून चार काड्या कोथिंबीर जास्त घातली तर मी आधी खालची मेथी उलटून बघते. पण एरवीचा संशय वेगळा आणि या दिवसांतला वेगळा. फाल्गुनात वसमतच्या भोवतालच्या शेतांमधून कढयांचा तो मातकट, थोडा कडवट वाफेचा वास गावात शिरतो, मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या चढायला लागतात, आणि मला कुणाचंच काही खरं वाटेनासं होतं. नवरा म्हणतो, "तुला हळद बाधते." बाधते खरी. कारण अशीच हळद शिजत असताना एका वर्षी आमच्या घरी बातमी आली होती की उजेड बेंजो पार्टी पुन्हा एकत्र येणार आहे.

ज्यांनी उजेड ऐकलीच नाही त्यांना ती कशी समजावून सांगावी, हा माझा जुनाच पेच आहे. बेंजो म्हणजे आपला तारांचा, वर टाइपरायटरसारख्या कळा असलेला. एका हाताने कळा दाबायच्या, दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. त्याला कर्णा जोडला की आवाज शिवारापार जातो. शिरड शहापूर हे माझं माहेर, आणि उजेड पार्टी तिथलीच. दिगंबर गायचा आणि कॅसिओ वाजवायचा. रफिकभाई बेंजोवर. नामदेव ड्रमवर. आणखी दोघंतिघं असायचे, पण ते बदलत राहायचे, हे तिघं पक्के. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. अंगात हळदीच्या रंगाचे शर्ट, पायात मात्र ज्याच्या त्याच्या चपला. लग्नाच्या वराती, उरूस, जत्रा, असं कुठंही वाजवायचे. त्यांची कधी कॅसेट निघाली नाही, पेपरात नाव आलं नाही. तरी त्यांच्यासाठी पार कनेरगाव नाक्याहून लोक जीप भरून यायचे, आणि उजेड नाही म्हणून वरात तासभर अडवून धरलेला नवरदेव मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला आहे.

आम्ही पोरी त्यांना ट्रॉलीत बसून ऐकायचो. बायकांची बाजू म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. दिवसभर हळद मोडून बोटं पिवळी झालेली, नखांच्या कडा काळ्या. हाताला येणारा तो वास घासूनही जात नसे. आई पलीकडच्या ट्रॉलीतून आमच्यावर नजर ठेवून असायची. आम्ही बेंजो बघतो आहोत की बेंजोवाल्याला, असा तिला संशय. म्हणजे हा स्वभाव माझा एकटीचा नाही, घरातूनच आलेला आहे.

त्यांची एक धून होती. शब्द नाहीत, गाणं नाही, नुसती धून. ती त्यांचीच, कुठून उचललेली नव्हती. लोक तिला 'फेरा' म्हणत. ती गोल फिरत यायची आणि प्रत्येक फेऱ्याला चढत जायची. फेरा संपत आला की सगळी वाद्यं एकदम थांबायची. बेंजो गप्प, कॅसिओ गप्प, हजार माणूस गप्प. मग त्या शांततेत नामदेव ड्रमवर एकच ठोका द्यायचा आणि सगळं पुन्हा उसळायचं. गंमत अशी की हा ठोका कधीच जागेवर पडायचा नाही. मोजून बघितलं तर जिथं पडायला हवा त्याच्या जरासा आधीच पडायचा. नामदेव दर वेळी लवकर यायचा. आणि आम्ही सगळे त्याच्या ठोक्यावर टाळी द्यायचो, म्हणजे अख्खा तालुका एका सुरात चुकायचा.

हळूहळू ते बोलण्यातच आलं. पंगत बसायच्या आधी कुणी पाटावर जाऊन बसला की "आला नामाचा ठोका". एसटी वेळेआधी सुटली तर नामाचा ठोका. माझ्या चुलतबहिणीचं बाळ पंधरवडाभर आधी जन्मलं, तेव्हा सुईण हात धुता धुता म्हणाली, "नामाचा ठोका दिला की पोरानं." तिला नामदेव कोण हे माहीतही नसेल.

तो असा आधी का येतो, यावर लोकांनी तर्क लढवले. कुणी म्हणे, तो दिवसा हळदीच्या पॉलिशवर काम करतो, तिथला लोखंडी ड्रम फिरताना गचका खातो, तोच हातात बसलाय. कुणी म्हणे, ही वरच्या दर्जाची लयकारी आहे, आपल्याला काय कळते. नांदेडचे एक तबला शिकवणारे गुरुजी उरुसाला आले होते, त्यांनी ऐकून मान हलवली आणि "चूक आहे" एवढंच म्हणाले, त्यावर त्यांना चहासुद्धा कुणी विचारला नाही. शेवटी लोकांनी रफिकभाईला गाठलं. तो तारा पुसत म्हणाला, "उसकू रुकनाच नै आता. हम क्या करें? हम उसके पीछे भागते."

मग पार्टी मोडली. बोर्डावर कुणाचं नाव वर, यावरून मोडली असं सांगतात. मला ते खरं वाटत नाही, इतक्या बारक्या गोष्टीवरून मोठी माणसं भांडत नाहीत. निदान तेव्हा असं वाटायचं, आता वाटत नाही. दिगंबर नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात गेला, पुढे तिकडेच घर केलं. रफिकभाईने वेगळी पार्टी काढली, ती चालली नाही, मग तो शिलाई मशीनवर बसला. नामदेव पॉलिशवर होताच. वरातींमध्ये डीजे आले. त्यांनी पार्टी मोडताना आम्हाला विचारलं नाही, आम्ही कोण म्हणून विचारणार. पण पुढची दोनतीन वर्षं जत्रेत दुसरा कुठला बेंजो लागला की आमची माणसं पाठ फिरवून भेळ खायला जायची. एवढा निषेध आम्ही नोंदवला.

नामदेव आमच्या गल्लीतला. मी त्याला नामाभाऊ म्हणायचे, त्याच्या बायकोला कौसावहिनी. माझं लग्न होऊन मी वसमतला आले, आणि एका पावसाळ्यात निरोप आला की नामाभाऊ गेला. ताप आला म्हणून सकाळी जीपमध्ये घातला आणि वाटेतच संपला. चाळिशीही गाठली नव्हती. मातीला माणूस खूप लोटलं होतं. रफिकभाई खांद्याला होता. दिगंबर आला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. पुढे निरोप पाठवला म्हणे, पण निरोप काय, कुणीही पाठवतं. शिरडच्या माणसांनी ही गोष्ट मनात ठेवली. मीही ठेवली.

म्हणून ती बातमी आली तेव्हा आनंदाआधी मला पहिला प्रश्न पडला, आत्ताच काहून? हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन दहा वर्षं होत आली होती. मोबाइल आले होते. बेंजो नावाची चीज पोरांना ठाऊकही नव्हती. आणि एकदम मोंढ्याच्या चौकात फलक लागला, 'उजेड, पुन्हा एकदा'. त्यावर दिगंबर आणि रफिकभाईचे फोटो पासपोर्टएवढे, आणि हात जोडलेल्या एका भावी उमेदवाराचा फोटो पुरुषभर उंच. नामदेवचा फोटो नाहीच. उमेदवाराने गळ्यात हळदीच्या रंगाचा गमछा घातला होता. माझा नवरा फलकाखाली उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, "ह्याच्यात बेंजो कुठाय?"

पण मजा अशी की आमच्यासारखे जे जुने उजेडवाले होते, त्यांतल्या एकालाही जाणार नाही असं म्हणता येईना. दुकानात, बसस्टँडवर, दळणाला गेलं तरी हाच विषय. दिगंबरचा आवाज बसलाय, तो नुसतं तोंड हलवणार आणि मागून कॅसेट लावणार, असं कुणी छातीठोक सांगे. रफिकभाईची बोटं आता थरथरतात असं दुसरा सांगे. एवढं सगळं सांगून झालं की दोघंही हळूच विचारत, "तुमी जाणार हाय का?" मीही त्यातलीच. मला ते चांगलं वाजवतील याची भीती होती आणि वाईट वाजवतील याचीही. चांगलं वाजवलं असतं तर माझ्या मनात आलं असतं, मग इतकी वर्षं कुठं होतात? नामदेवशिवायही जमतं म्हणायचं तुम्हाला. आणि वाईट वाजवलं असतं तर त्या ट्रॉलीतल्या संध्याकाळी मागे जाऊन नासल्या असत्या. आवडत्या माणसांवर रागावण्यासाठी कुठली जागा नीट मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात मी शिरडला गेले. कौसावहिनी कुणाच्या तरी शेतावर कढईजवळ होती. शिजलेल्या हळदीत काडी खुपसून बघत होती, आरपार जाते का ते. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता, पण ती हंगामाचं काम सोडत नव्हती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दिगंबरनं माणूस पाठवला व्हता. ठेसनावर बसा म्हणतो."

"ठेसनावर?"

"ते काय, इष्टेजवर. शाल देणार हायेत. नारळ देणार हायेत. फोटू काढणार हायेत."

मी तिथंच उकळले. म्हटलं, "वहिनी, जाऊ नको. मातीला यायला वेळ न्हाई मिळाला त्याला, आन आता शाल? ते त्या पुढाऱ्यासाठी चाललंय समदं. तुला मधे बसवतील आन मतं मागतील."

"व्हय," ती म्हणाली. "मला कळतं ते."

"मग?"

तिने काडी काढली, फुंकर मारली, हाताने दाबून बघितली. "इष्टेजवर न्हाई जाणार. खाली बसणार. मला ऐकायचंय त्या जागी काय करून राहिलेत ते."

कुठल्या जागी, हे मला विचारावं लागलं नाही. ती पुढे जे बोलली ते मी आजवर कितीदा मनात घोळवलं आहे. "घरात त्यायचा एक फोटू धड न्हाई बघ, मंदा. लग्नातला हाय त्याच्यात डोळे मिटलेले. वाजवलेलं कुठं भरून ठेवलेलं न्हाई. पोरगं चार वर्साचं व्हतं. त्याला काय सांगू, बाप कसा व्हता? लोकायच्या तोंडात तेवढा ठोका हाय. आता नवा गडी आणलाय म्हणे नांदेडहून, शिकलेला. त्यानं बराबर वाजवलं की लोकायला बराबरच आवडल. मग तेबी गेलं."

"आन त्यानं नामाभाऊसारखंच वाजवलं तर?"

"तर चोरलं म्हणीन," ती म्हणाली आणि दुसऱ्या कढईकडे गेली.

मी वसमतला परत येताना एसटीत हाच हिशेब करत होते. दोन्हीकडून तिचंच जाणार होतं. तिसरं काही होण्यासारखं मला तरी दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

कार्यक्रम मोंढ्याच्या मागच्या मैदानावर होता. लोडशेडिंगचा काळ, त्यामुळे जनरेटर आणलेला, आणि कर्णे दहाच्या आत बंद करायचे म्हणून सुरुवात दिवस मावळायच्या आधीच. बायकांना आता ट्रॉल्या नव्हत्या, लाल खुर्च्या होत्या. वहिनी शिरडहून आली होती, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. जुनी माणसं ओळखू येत होती. पोटं सुटलेली, केस गेलेले, आणि चेहऱ्यावर उधारी मागायला आल्यासारखा भाव. कुणी हसत नव्हतं. निवेदक सुटाबुटात आला आणि म्हणाला, "परभणी जिल्ह्याची शान…" पाठीमागून लोक ओरडले, "हिंगोली, हिंगोली." तो गडबडला. खुर्च्यांच्या कडेला उभा असलेला माझा नवरा म्हणाला, "जुनाच कागद वाचून राहिला." आमचा संशय इथून पुढे बराच वाढला.

ते आले. साटीनचे शर्ट, पिवळे पण चकचकीत, अंगाला चिकटणारे. आणि पायात सगळ्यांच्या सारखे बूट. त्या बुटांनी मला का कोण जाणे फार वाईट वाटलं. दिगंबरने माइक हातात घेतला. "आज आमचा नामा असता तर…" म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. माइकला घुमारा लावलेला होता, त्यामुळे तो फुटलेला आवाज पाच वेळा ऐकू आला. मी वहिनीकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. उमेदवार पहिल्या रांगेत उठून उभा राहिला, त्याने डोळे पुसले, फोटोवाल्याने फोटो काढला. "कौसल्यावहिनी इथं उपस्थित आहेत, त्यांनी मंचावर यावं," निवेदक म्हणाला. वहिनी हलली नाही. त्याने दोनदा पुकारलं. मग शाल तशीच खुर्चीवर ठेवून कार्यक्रम सुरू झाला.

आणि त्यांनी चांगलं वाजवलं. हे सांगताना आजही माझ्या जिवावर येतं. दिगंबरचा आवाज खाली आला होता, पण त्याचाच होता. रफिकभाईची बोटं थरथरत नव्हती. तिसऱ्या गाण्याला माझ्या पुढची म्हातारी झालेली बाई, जी मला ट्रॉलीतली आठवत होती, ती मान डोलवायला लागली आणि मला तिचा राग आला, कारण माझीही मान हलत होती. नवा ड्रमवाला अक्कडबाज मिशीचा, सफाईदार. एक चूक काढू दिली नाही पठ्ठ्याने.

मग फेरा सुरू झाला. ओळखीची धून कानावर पडली आणि ते भलंमोठं मैदान एकदम आवळलं गेलं. पहिला फेरा चढत आला, आणि थांबला. सगळे गप्प. आणि त्या शांततेत ड्रम वाजला नाही, टाळी वाजली. मैदानभर, एकदम, जुन्या जागेवर. नवा गडी नंतर आला, अगदी बरोबर मात्रेवर, आणि तो बरोबर असूनही उशिरा आल्यासारखा वाटला. लोक हसले. त्या बिचाऱ्याने गोंधळून दिगंबरकडे बघितलं.

दुसऱ्या फेऱ्याला थांबले तेव्हा दिगंबरने हात वर केला, आणि ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. टाळी पडली. ड्रम पडलाच नाही. ती जागा त्यांनी आम्हाला देऊन टाकली. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. तरी माझ्या मनात आलंच, की हे आधी ठरवलेलं असेल का? तालमीत? आधी चुकू द्यायचं आणि मग हात वर करायचा? ते मला अजून माहीत नाही. दिगंबरचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता. वहिनीने टाळी दिली नव्हती. ती कपाळाला आठी घालून ऐकत होती, त्या दिवशी कढईपाशी काडी दाबून बघताना घातली होती तशी.

तिसरा फेरा चढला, थांबला. आणि वहिनीने टाळी वाजवली. एकटीने. मैदानाचे हात अजून उचलायचे होते. ती कोरडी, एकट्या बाईची टाळी सगळ्यांना ऐकू गेली, आणि मग तिच्यामागून आमची टाळी आली, ढिली, ओशाळलेली. पुढच्या बाईने मान वळवली. "चुकलं का हो, बाई?"

"मी काहून चुकीन," वहिनी म्हणाली. "तुमी समदे उशीर करून राहिले."

मी तिच्या कानाशी वाकले. "वहिनी, नामाभाऊ इथंच यायचा ना? आपण नेहमी इथंच देतो टाळी."

"इथं न्हाई. ह्याच्याबी आधी. लई आधी. तुमी इसरले, मंदा. वर्साला थोडं थोडं मागं मागं सरकलात."

 दिगंबरवर, उमेदवारावर, निवेदकाच्या कागदावर, नव्या गड्याच्या मिशीवर, सगळ्यांवर मी संशय घेतला होता. माझ्या कानावर घ्यायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं आम्ही नामदेवची चूक जपतो आहोत म्हणून मिरवत होतो, आणि तीसुद्धा आम्ही हळूहळू दुरुस्त करत आणली होती.

चौथा फेरा शेवटचा. आता आमच्या बाजूच्या बायका बेंजोकडे बघत नव्हत्या, वहिनीच्या हातांकडे बघत होत्या. धून थांबली. तिचे हात उठले तसे आमचे उठले, आणि पुरुषांची बाजू अजून श्वास घेत असताना बायकांची टाळी पडली, इतकी आधी, की ती शांतता पुरती झालीसुद्धा नव्हती. मंचावर रफिकभाईने झटकन मान वर केली. अंधारात त्याला आम्ही दिसत नसणार. पण त्याची बोटं थांबली नाहीत. तो त्या टाळीवर उसळला, एकटाच, कॅसिओ आणि ड्रम आणि दिगंबर यांना मागे टाकून, आणि ते सगळे त्याच्यामागे धावत सुटले.

वहिनीने हात मांडीवर ठेवले होते. तळवे अजून पिवळे होते. मी तिला विचारलं, की इतक्या आधी, काहून यायचा गं तो?

"त्याला समद्याचीच घाई," ती म्हणाली. "जेवायचीबी. मी म्हणायची, थांब की जरा. थांबला न्हाई."